नियम 27 ची व्यवस्था: दोषी अधिकाऱ्याचे पेन्शन खरेच थांबते का? (गुण: 5 पैकी 3)

लाच किंवा अपहाराच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या अधिकाऱ्याचे पेन्शन आपोआप बंद होते, हा समज चुकीचा आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, 1982 मधले नियम 26, 27 आणि 130 मिळून पेन्शन रोखण्याची व्यवस्था चालते. तिचा आराखडा भक्कम आहे, पण ती स्वतःहून हलत नाही. न्यायालयाने शिक्षा सुनावली तरी शासनाचा लेखी आदेश निघेपर्यंत एक रुपयाही कमी होत नाही.

आधी चांगली बाजू. निवृत्तीच्या दिवशी विभागीय चौकशी किंवा खटला चालू असेल तर नियम 130 नुसार तात्पुरते निवृत्तिवेतन सुरू होते, तेही अर्हताकारी (पेन्शनसाठी धरल्या जाणाऱ्या) सेवेवर जेवढे बसते तेवढे, म्हणजे जवळपास पूर्ण. अडते ते उपदान (ग्रॅच्युइटी). निकाल लागून अंतिम आदेश होईपर्यंत ते मिळत नाही, आणि अंशराशीकरणही (पेन्शनचा काही भाग एकरकमी घेणे) करता येत नाही. ही विभागणी योग्य आहे. आरोप सिद्ध झालेला नसताना घर चालते, आणि सरकारचे नुकसान वसूल करायला मोठी रक्कम हाताशी राहते. तरीही काही कार्यालये ‘चौकशी प्रलंबित, सबब निवृत्तिवेतन देय नाही’ असा शेरा मारून प्रस्ताव परत पाठवतात. त्याला नियमात आधार नाही. पेन्शन ही मालमत्ता आहे, कायद्याच्या आधाराशिवाय ती रोखता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये झारखंडच्या प्रकरणात स्पष्ट सांगितले आहे.

आता व्यवस्था अडकते ती जागा: तारीख. विभागीय कार्यवाही सुरू झाली असे धरले जाते ते खात्याचे दोषारोपपत्र दिल्याच्या दिवशी, किंवा त्याआधी निलंबन झाले असेल तर निलंबनाच्या तारखेला. फौजदारी बाबतीत पोलिसांच्या ज्या अहवालाची किंवा तक्रारीची न्यायदंडाधिकारी दखल घेतात, ती दाखल झाल्याची तारीख धरतात. एसीबीचा (लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा) सापळा आणि एफआयआर एवढ्यावर न्यायालयीन कार्यवाही सुरू झाली, असे होत नाही. मार्चमध्ये सापळा, मेमध्ये निवृत्ती आणि न्यायालयातले आरोपपत्र पुढच्या वर्षी, अशा प्रकरणात निलंबन किंवा खात्याचे दोषारोपपत्र राहून गेले असेल तर निवृत्तीच्या दिवशी कागदावर काहीच प्रलंबित नसते. निवृत्तीनंतर विभागीय चौकशी सुरू करायची तर शासनाची मंजुरी लागते, आणि घटना चार वर्षांपेक्षा जुनी असून चालत नाही. जुने अपहार लेखापरीक्षणात उशिरा उघड होतात, म्हणून ही चार वर्षे दोषी माणसाच्या फार कामी येतात. आस्थापना शाखेने निवृत्तीच्या वर्षभर आधी प्रलंबित प्रकरणांची यादी तपासली तर यातले बरेच टळते.

शिक्षा सेवेत असताना झाली की निवृत्तीनंतर, यावरही सगळे फिरते. सेवेत असताना झाली तर संविधानाच्या अनुच्छेद 311(2) च्या परंतुकानुसार वेगळी चौकशी न करता बडतर्फ करता येते, आणि बडतर्फी म्हणजे पूर्वीची सेवाच जप्त. निवृत्तीनंतर बडतर्फी शक्य नाही. मग उरतात नियम 26 आणि 27: त्यांनुसार पेन्शन पूर्ण किंवा अंशतः, कायमचे किंवा ठरावीक काळासाठी रोखता येते. काही भागच रोखला तर उरलेली रक्कम किमान निवृत्तिवेतनाखाली नेता येत नाही. नुकसानीची वसुली सर्वसाधारणपणे पेन्शनच्या एक तृतीयांशाहून जास्त दराने होत नाही. समजा निवृत्तीच्या वेळी पेन्शन 36,000 आणि नुकसान 6 लाख, तर महिना 12,000 प्रमाणे 50 महिने लागतील. उपदान हातचे घालवू नये ते यासाठीच.

आदेश टिकवायचा असेल तर त्यात न्यायालयाचे नाव, खटल्याचा क्रमांक, कलमे, रोखायचा हिस्सा, मुदत आणि अंमलाची तारीख स्पष्ट हवी. सोबत निकालपत्राची प्रमाणित प्रत. पद लोकसेवा आयोगाच्या कक्षेतले असेल तर नियम 27 खालच्या अंतिम आदेशाआधी आयोगाशी सल्लामसलत आवश्यक. ती राहिली की आदेश न्यायालयात अडचणीत येतो. आदेशाची प्रत महालेखापालांबरोबर कोषागारालाही, पीपीओ (निवृत्तिवेतन प्रदान आदेश) क्रमांकासह, गेली पाहिजे. नाहीतर फाइलमध्ये पेन्शन बंद आणि बँकेत दर महिन्याला जमा, असे चालू राहते.

‘अपील दाखल आहे’ म्हणून फाइल बाजूला ठेवणे ही सर्वांत महागात पडणारी सवय. अपिलात बहुधा शिक्षेची अंमलबजावणी स्थगित होते, दोषसिद्धी कायम असते, आणि कारवाईला तेवढी पुरते. पुढे निर्दोष सुटका झाली तर आदेशाचा फेरविचार करून रोखलेली रक्कम देता येते.

गुण कापले ते दिरंगाईसाठी. नियम 27 मध्ये निकालानंतर किती दिवसांत आदेश काढायचा याची मुदत नाही, आणि निर्दोष सुटलेल्याचे उपदान किती दिवसांत सोडायचे याचीही नाही. साठ दिवसांची मुदत घातली तर दोन्हीकडचा अन्याय कमी होईल. 1 नोव्हेंबर 2005 पासून नेमणूक झालेले बहुतेक कर्मचारी राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत आहेत. त्यांच्या खात्यातल्या जमा रकमेला नियम 27 चा हा मार्ग लागू होत नाही.