सव्वा इंची हिच की दोन इंची?

अमेरिकेत सिव्हिकसारख्या छोट्या गाडीला बाहेरून हिच, म्हणजे मागे ट्रेलर किंवा सायकलींचा रॅक जोडायची लोखंडी चौकट, बसवायची म्हटलं की पहिला प्रश्न येतो रिसीव्हरच्या, म्हणजे तिच्यातल्या नळीच्या, चौकोनी भोकाचा. हिचचे ताकदीनुसार क्लास असतात. सव्वा इंची हिच बहुतेकदा क्लास 1 ची असते: ट्रेलर 2000 पौंडांपर्यंत, टंग वेट म्हणजे हिचवर सरळ खाली येणारा भार 200 पौंड. दोन इंची बहुधा क्लास 3 ची, तिचे आकडे बरेच मोठे. ते वाचून हुरळू नका. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? गाडी, हिच आणि बॉल माउंट (ट्रेलर अडकवायचा गोळा ज्यावर असतो तो दांडा) यांत जिची मर्यादा सगळ्यात कमी, तीच खरी. सिव्हिकच्या अमेरिकी मॅन्युअलमध्ये तर ही गाडी ट्रेलर ओढण्यासाठी नाही, असं स्वच्छ लिहिलेलं असतं.

मग आपल्यासारखे लोक हिच घेतात ती सायकलींसाठी. साध्या दोन सायकली असतील तर सव्वा इंची पुरते. ती हलकी असते आणि बंपरखाली फारशी दिसतही नाही. ई-बाइकचा विचार असेल तर हिशोब बदलतो. साठ-साठ पौंडांच्या दोन बाइक आणि साठचा रॅक, झाले 180, म्हणजे 200 च्या मर्यादेला टेकलोच. शिवाय दणकट रॅक बहुतेक दोन इंचीच मिळतात. तुमच्या गाडीसाठी दोन इंची निघत असेल तर मी तीच घेईन.

आता घरी बसवायची की दुकानात? माझी मी स्वतः बसवली. सायलेन्सरच्या रबरांना साबणाचं पाणी लावून सायलेन्सर खाली सोडला, हिच वर धरायला शेजारी आला. तासाभराचं काम वाटलं होतं. पण बर्फावर टाकतात त्या मिठानं चेसिसमधल्या नटांचे आटे गंजलेले. तारेच्या ब्रशनं ते घासण्यातच दुपार गेली. तिथे बोल्ट जबरदस्तीनं फिरवला की आटे गेलेच. टॉर्क रेंच, म्हणजे बोल्ट नेमक्या जोराने आवळायचा पाना, नसेल तर या भानगडीत पडू नका.

ट्रेलरचं वायरिंग मात्र मी दुकानावर सोडेन. चार पिनांच्या प्लगात पांढरी अर्थिंगची, तपकिरी मागच्या दिव्यांची, पिवळी डावीकडच्या इंडिकेटर-ब्रेकची, हिरवी उजवीकडच्या, इतकं सोपं दिसतं खरं. पण ज्या गाडीत इंडिकेटर आणि ब्रेकचे दिवे वेगळे, तिथे ते दोन्ही सिग्नल एका तारेत आणणारा कन्व्हर्टर मध्ये लागतो. नुसत्या सायकली न्यायच्या असतील तर हा खर्च करूच नका.