दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती: ड्रोन फुटेजचे चित्र नेमके कुठे बिघडते?

ड्रोनने टिपलेला पावसाळी सह्याद्री मूळ फाइलमध्ये सुरेख दिसतो. पण रंग सुधारून तोच व्हिडिओ यूट्यूबवर चढवला की आकाशात पट्टे उमटतात, झाडीचा नुसता हिरवा लगदा होतो आणि दोष सॉफ्टवेअरच्या माथी येतो. ब्लॅकमॅजिक डिझाइनच्या दाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ संपादन व रंगसुधारणेच्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती मी डीजेआय मिनी ४ प्रो या ड्रोनच्या फुटेजसाठी नियमित वापरतो आणि हा आरोप मला बहुतांशी अन्यायाचा वाटतो.

पट्ट्यांचे मूळ बहुधा चित्रीकरणातच असते. या ड्रोनवर नॉर्मल प्रोफाइल (रंग नोंदवण्याची नेहमीची पद्धत) ठेवले तर फुटेज ८ बिटांचे मिळते, म्हणजे लाल, हिरवा व निळा यांपैकी प्रत्येकाच्या केवळ २५६ पायऱ्या. डी-लॉग एम या, नंतर रंग सुधारता यावेत म्हणून चित्र मुद्दाम फिके नोंदवणाऱ्या प्रोफाइलमध्ये ते १० बिटांचे असते आणि पायऱ्या १,०२४ होतात. धुक्याचा करडेपणा त्यांतल्या मोजक्याच पायऱ्यांत सामावलेला असतो, त्यामुळे ८ बिटांवर कॉन्ट्रास्ट ताणला की त्या एकमेकींपासून दूर सरकतात आणि डोळ्यांना पट्टे दिसू लागतात. मुळात नोंदल्याच गेल्या नाहीत अशा छटा ग्रेडिंगमध्ये, म्हणजे रंग सुधारताना, परत मिळत नाहीत. डी-लॉग एम वापरणाऱ्यांसाठी वेगळा सापळा आहे: तो डीजेआयच्याच डी-लॉग या प्रोफाइलपेक्षा निराळा असल्याने डी-लॉगचे रूपांतर लावल्यास रंग आणि कॉन्ट्रास्ट दोन्ही चुकतात. डीजेआयने त्यासाठी दिलेला स्वतंत्र लट (LUT, रंगांचे ठरावीक रूपांतर करणारी फाइल) वापरावा आणि एक्स्पोजर त्याच्या आधीच्या नोडवर (रिझॉल्व्हमधील दुरुस्तीच्या टप्प्यावर) दुरुस्त करावे. हे सारे करताना रिझॉल्व्हचे वेव्हफॉर्म आणि परेड स्कोप (उजेड व रंगांची पातळी दाखवणारे आलेख) मोफत मिळतात, ही मला या आवृत्तीची सर्वांत मोठी देणगी वाटते.

दुसरा घात एक्स्पोर्टच्या वेळी होतो. नव्या प्रकल्पाची टाइमलाइन मुळात १९२० × १०८० असते. ती तशीच राहिली आणि डिलिव्हर या एक्स्पोर्टच्या पानावरही बदल केला नाही, तर ४के चित्रीकरणाचा व्हिडिओ एचडीतच बाहेर पडतो. रेंडर करताना प्रॉक्सी फाइल (संपादन सुकर व्हावे म्हणून केलेली हलकी प्रत) वापरण्याचा पर्याय चालू राहिला असेल, तर हलक्या प्रतीचेच चित्र अंतिम व्हिडिओत उतरते. बिटरेटची, म्हणजे व्हिडिओच्या दर सेकंदाला दिलेल्या डेटाची, कंजुषीही महागात पडते. प्रतिसेकंद ३० फ्रेमपर्यंतच्या साध्या ४के व्हिडिओसाठी यूट्यूब ३५ ते ४५ एमबीपीएस (मेगाबिट प्रतिसेकंद) सुचवते. वाऱ्याने हलणारी पाने आणि धबधबे यांत प्रत्येक फ्रेम वेगळी असते, म्हणून मी त्याहून बराच जास्त बिटरेट देतो, कारण यूट्यूब पुन्हा कॉम्प्रेशन करणारच असते.

मोफत आवृत्तीच्या मर्यादाही खऱ्या आहेत. एक्स्पोर्ट ३८४० × २१६० पर्यंतच होते, त्यामुळे मॅव्हिक ३ चे ५.१के फुटेज पूर्ण आकारात बाहेर काढता येत नाही. नॉइज रिडक्शन (चित्रातले दाणे कमी करण्याची सोय) केवळ स्टुडिओ या सशुल्क आवृत्तीत आहे आणि संध्याकाळी कमी एक्स्पोजरवर टिपलेल्या दऱ्यांच्या सावल्या उजळल्या की त्याची उणीव तीव्रतेने जाणवते. दिवसाउजेडी १० बिटांत चित्रीकरण करणाऱ्याला मोफत आवृत्ती पुरेशी आहे. सूर्यास्तानंतरची कामे नियमित घेणाऱ्या व्यावसायिकाने मात्र स्टुडिओचे २९५ डॉलर एकदाच मोजावेत, असे मी सुचवेन.