कपाटात टांगायचे कापडी कप्पे : कमी खर्चातली चांगली सोय

कपाटात नव्या फळ्या बसवून घेण्याइतके पैसे हाताशी नसतील, तर दांडीला वेल्क्रोच्या पट्ट्यांनी टांगायचे कापडी कप्पे जरूर घ्यावेत, असे मी वापरानंतर खात्रीने सांगू शकते. टी-शर्ट, ओढण्या, पातळ स्वेटर असे हलके कपडे त्यांत नीट बसतात आणि एक घडी काढताना अख्खी चळत कोसळत नाही, हे सुख मोठे आहे. मात्र कप्प्यांच्या तळाशी बहुधा साधा पुठ्ठाच असतो. जाड जीन्स एकावर एक रचल्या की तो मधोमध वाकतो आणि ओलसर कपड्यांनी तर कायमचा मऊ पडतो. पट्ट्यांची शिवण दुहेरी आहे का, हे उलटून पाहावे. दांडीखालची मोकळी उंचीही आधी मोजावी, नाहीतर शेवटचा कप्पा दुमडून निरुपयोगी ठरतो.