गोव्याच्या रिसॉर्टचा ‘उरलेला’ सेट

महामार्गावरच्या पेट्रोलपंपावर कोणी गाडीची काच ठोठावून ‘होम थिएटर पाहिजे का, एकच उरलंय’ असं विचारलं तर काच वर करा आणि निघा. एवढं वाचून थांबलात तरी चालेल. पण ही माणसं बोलतात कशी, दाखवतात काय आणि घरी आणलेल्या खोक्यातून निघतं काय, हे ठाऊक असलं तर हात काचेकडे लवकर जाईल, म्हणून सगळं लिहिते. फसले आमचे धाकटे भावजी. त्यांनी लिहायला परवानगी दिली आहे, ‘फक्त नाव घालू नको, वहिनी’ एवढ्या अटीवर.

चतुर्थी तोंडावर आली होती. भावजी मुंबईहून रेल्वेने कणकवलीला उतरले. आम्ही दोघं त्यांना आणायला आणि जाता जाता माटवीचं (गणपतीच्या डोक्यावर फळं-फुलं बांधायच्या चौकटीचं), पूजेचं सामान घ्यायला गेलो होतो. आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, या वर्षी भजनं आणि जुनी नाट्यपदं ऐकायला चांगला सेट घ्यायचा, हे भावजींनी मुंबईतच ठरवलं होतं. कणकवलीच्या एका दुकानात विचारलंही. दुकानदाराने अठ्ठावीस हजार सांगितले. भावजी म्हणाले, बघू.

पंपावर हे टायरमध्ये हवा भरून घेत होते. तेवढ्यात शेजारी एक पांढरी व्हॅन येऊन थांबली. दोन मुलगे उतरले. अंगात कंपनीचं नाव छापलेले टी-शर्ट, गळ्यात ओळखपत्र, भाषा स्वच्छ. त्यातला एक भावजींना म्हणाला, “दादा, गोव्याच्या एका रिसॉर्टला आठ सेट द्यायला चाललोय. गोदामातून चुकून नऊ चढले. मालाचं चलन आठचंच आहे. नववा परत नेला तर चढवणाऱ्या पोराची नोकरी जाईल. रिसॉर्टला दिला तर आम्हाला काय? तुमच्या घरी वाजू दे.”

मी मागच्या सीटवर पिशव्या सांभाळत होते, शब्द न् शब्द ऐकला. नंतर घरी विचार करताना जाणवलं की त्या चार वाक्यांत काय काय बसवलेलं आहे. माल इतका स्वस्त कसा, याचं उत्तर तुम्ही विचारायच्या आधीच मिळतं. नग एकच, त्यामुळे घाई. आणि सगळ्यात पक्कं काम म्हणजे घेणारा त्यांच्या भानगडीत सामील होतो. चलनाबाहेरचा माल आहे हे त्याला माहीत असतं. मग पुढे फसल्याचं कळलं तरी पोलिसांसमोर काय सांगणार? मालकाला चुकवून विकलेला माल स्वस्तात घेत होतो म्हणून? ही गोष्ट माल खपवण्यासाठी जेवढी रचलेली असते, तेवढीच तक्रार तोंडातच राहावी म्हणूनही. ही युक्ती आपल्याकडची नव्हे. पांढऱ्या व्हॅनमधून स्पीकर विकण्याचा हा धंदा अमेरिका-युरोपात १९८०च्या दशकापासून चालत आलेला आहे, तिथे त्याला व्हॅनवरूनच नाव पडलंय. आपल्याकडे रिसॉर्ट तेवढा गोव्याचा झाला.

पुढचं सगळं ठरल्याप्रमाणे. मोबाइलवर एक वेबसाइट उघडून दाखवली, त्यावर त्याच सेटची किंमत ८९,९९९. खोक्यावरही तोच आकडा छापलेला, आणि त्याखाली ठळक अक्षरांत ‘१२,००० वॅट पीएमपीओ’. कंपनीचं नाव एका मोठ्या नावासारखंच, एक अक्षर इकडचं तिकडे. व्हॅनमध्ये बसवलेल्या सेटवर गाणं वाजवून दाखवलं आणि ते खरोखर छान वाजलं. वाजणारच. तो सेट विकायचा नव्हता. विकायचा तो खोक्यात सीलबंद होता, ‘सील तोडलं तर गॅरंटी जाते’ म्हणून. मग दुसऱ्याने एका टॉवरचं, म्हणजे उंच स्पीकरचं, सीलबंद खोकं बाहेर काढून भावजींच्या हातात दिलं. “उचलून बघा दादा, हलका माल नाही हा.” पंचेचाळीस हजारांपासून सुरू झालेली बोली साडेअकरा हजारांवर मिटली. पैसे क्यूआर कोड स्कॅन करून दिले. समोर नाव आलं ते कुठल्या कंपनीचं नाही, एका माणसाचं. बिलसुद्धा दिलं, शिक्क्यासकट. यांनी येऊन विचारलं, “काय घेतलंस रे ह्या?” तोवर व्हॅन फोंडाघाटाच्या दिशेनं वळलीही होती. गोव्याला जाणारी माणसं घाटाकडे कशाला वळली, हा प्रश्न आचऱ्याच्या रस्त्याला लागल्यावर सुचला.

घरी सेट मांडला. दोन टॉवर, मध्ये अॅम्प्लिफायर, निळे दिवे. आबांनी त्यांचं आवडतं भजन लावायला सांगितलं. पखवाजाची धूम नुसती घुमत राहिली, टाळ काही ऐकू येईनात. बुवांचा शब्दही नीट कळेना. आबा म्हणाले, “बुवांचो घसो बसलो की काय?” भावजींनी बटणं फिरवली, टॉवर इकडचे तिकडे केले. तेवढ्यावर राहिलं असतं तर पैसे गेले म्हणून सोडून दिलं असतं आणि मी हे लिहायला बसलेही नसते.

दुसऱ्या दिवशी जाऊबाई अनवाणी, ओल्या फडक्याने सेट पुसायला गेल्या. अॅम्प्लिफायरच्या पत्र्याला हात लागला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. भावजी म्हणाले, पावसाची हवा आहे, सादळलं असेल. त्यांनी पिन काढून पुन्हा लावली, हात लावून पाहिला, काही नाही. सगळे निवांत झाले. संध्याकाळी आमच्या मुलाने त्याच्या कॉम्प्युटरची वायर सेटला जोडली आणि बटण दाबलं तोच घरातले दिवे गेले. मीटरजवळची ईएलसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की पुरवठा तोडणारा स्विच, पडली होती. वर केली, पुन्हा पडली. तेव्हा मात्र मी सेटची पिन काढून ठेवली आणि बाजारातल्या रेडिओवाल्या मेस्त्रींना निरोप धाडला.

मेस्त्रींनी आधी टॉवरची मागची फळी उघडली. एका टॉवरवर पाच भोंगे दिसत होते. त्यातला खालचा एकच खरा. बाकीचे चार म्हणजे प्लास्टिकच्या वाट्या, मागे ना चुंबक ना वायर. टाळांचा बारीक आवाज ज्या छोट्या भोंग्यातून यायचा, तो ट्वीटरच खोटा, मग टाळ ऐकू येणार कुठून? बुंध्याला सिमेंटची लादी चिकटवलेली होती. भावजी म्हणाले, मी वजन बघून घेतला. मेस्त्री त्यांच्याकडे बघतच राहिले. “वजान बघून घेतलात? फणस होतो काय तो?”

मग अॅम्प्लिफायर. आत हाताच्या पंजाएवढा बोर्ड, त्यावर आवाज वाढवणाऱ्या दोन ४४४० आयसी (चिप). जुन्या टेपरेकॉर्डर-अॅम्प्लिफायरची दुरुस्ती करणाऱ्या कोणालाही ही आयसी माहीत असते. स्टिरिओत वापरली तर एका बाजूला ६ वॅट, दोन्ही बाजू एकत्र जोडल्या तर १९ वॅट. म्हणजे चांगलं धरून चाललं तरी दोन आयसींचे मिळून अडतीस वॅट. आणि खोक्यावर बारा हजार!

हा बारा हजारांचा आकडा कुठून येतो, तेही सांगते, कारण अनेक स्वस्त सेटवर तो असतोच. पीएमपीओ म्हणजे क्षणभर, अगदी डोळ्याची पापणी लवायच्याही आत, जास्तीत जास्त किती जोर निघू शकेल याचा अंदाज. तो मोजायची सर्वमान्य रीत नाही, त्यामुळे छापणारा हवा तो आकडा छापतो. बघायचा तो आरएमएस, म्हणजे सेट सतत वाजत राहील तो जोर. तो लिहिलेला नसेल तर मागची पट्टी वाचा. आमच्या सेटच्या मागे बारीक अक्षरात ‘इनपुट २३० व्होल्ट, ६० वॅट’ असं होतं. भिंतीतून साठ वॅट घेणारी वस्तू बारा हजार देणार कशी? शिवाय घरातला साधा सहा अँपिअरचा सॉकेट २३० व्होल्टवर १,३८० वॅटच्या वर देऊच शकत नाही. हा गुणाकार मी दरवर्षी आठवीच्या पोरांकडून करून घेते. पंपावर तो करायला वेळ मिळू नये, हीच तर त्या दोघांची हुशारी.

खरी धडकी पुढे भरली. वीज आत येते ती वायर पत्र्याला पाडलेल्या भोकातून तशीच ओढलेली होती. अशा जागी रबराची गोल पट्टी बसवतात, ती नव्हती. पत्र्याच्या धारेने वायरचं वरचं आवरण कापलं होतं आणि तांबं पत्र्याला टेकत होतं. पिन दोनच काट्यांची, अर्थिंगचा संबंधच नाही. दोन काट्यांची पिन उलटसुलट कशीही बसते. भावजींनी ती काढून पुन्हा लावली तेव्हा उलटी बसली, कापलेल्या वायरमध्ये फेजऐवजी (झटका देणाऱ्या तारेऐवजी) न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, आला आणि झिणझिण्या थांबल्या. दुरुस्ती काहीच झाली नव्हती. पुढे कॉम्प्युटर जोडला, त्याची पिन तीन काट्यांची. सेटच्या पत्र्याला तारेतून पहिल्यांदा अर्थिंग मिळालं, वीज तिकडून निसटू लागली आणि ईएलसीबीने ती पकडली. घरात ईएलसीबी नसती तर? आमच्याकडे पावसात खळ्यातून ओल्या पायाने आत येणारी पोरं असतात, गणपतीत तर घर भरलेलं. मला त्या रात्री झोप लागली नाही.

म्हणून कुठलाही सेट, अगदी दुकानातून बिल घेऊन आणलेलासुद्धा, पहिल्यांदा लावाल तेव्हा पिन बघा. पत्र्याचं अंग असेल तर तीन काटे हवेत. वरचा जाड, लांब काटा अर्थिंगचा. तो तोडून दोन काट्यांच्या सॉकेटात बसवणारे महाभाग मी पाहिले आहेत. दोन काटे चालतात ते फक्त मागच्या पट्टीवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर. ती दुहेरी आवरणाची खूण. शिवाय बीआयएसच्या (भारतीय मानक ब्यूरोच्या) नोंदणीच्या खुणेजवळ ‘आर’ आणि त्यापुढे आठ आकडी नोंदणी क्रमांक असेल, तर तो बीआयएस केअर अॅपवर घालून बघता येतो. आमच्या सेटवर खूण होती, क्रमांक नव्हता. घराचं अर्थिंगही वायरमनकडून तपासून घ्या. कातळावरच्या घरांत अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. वीज कडाडायला लागली की स्विच बंद करून भागत नाही, पिन आणि डिशची केबल दोन्ही ओढून काढायची.

सेटसोबत आलेली स्पीकरची वायरही मेस्त्रींनी ब्लेडने खरवडून दाखवली. वरून तांब्याचा मुलामा, आत पांढरं अॅल्युमिनियम. खाऱ्या हवेत असल्या वायरीची टोकं लवकर खराब होतात, म्हणून खरं तांबं मागायचं आणि खरवडून बघायचं.

बिलाचं म्हणाल तर, जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातल्या दुकानाचा २७ ने सुरू होतो. आमच्या बिलावरचा तेरा अक्षरांचाच होता. खरा क्रमांक असेल तर जीएसटीच्या पोर्टलवर घातल्याबरोबर दुकानाचं नाव येतं. पंपावर उभ्या उभ्या होणारं काम आहे.

तक्रारीला भावजी आधी तयार नव्हते. ‘मीच चोरीचा माल घेतला म्हणतील.’ म्हटलं ना, ती गोष्ट त्यासाठीच रचलेली असते. माल कुठून चोरलेला नव्हताच, तो फसवण्यासाठीच बनवलेला होता, आणि फसवणूक हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली गुन्हा आहे. शेवटी पोलीस ठाण्यात अर्ज दिला. सोबत यूपीआयच्या व्यवहाराचा क्रमांक, बिल आणि उघडलेल्या सेटचे फोटो. व्हॅनचा नंबर कोणीच टिपला नव्हता. बँकेने सांगितलं, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, परत फिरवता येत नाहीत. अजून काही हाती आलेलं नाही. दुकानदाराने असं केलं असतं तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर होता, जिल्हा ग्राहक आयोग होता, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फीसुद्धा लागत नाही. व्हॅनवाल्याचा पत्ता कोण देणार? दुकानात मोजलेल्या जादा पैशांत हा पत्ताही येतो, असं मला आता वाटतं.

आबांसाठी मग त्याच कणकवलीच्या दुकानातून दोन छोटे स्पीकर आणि साधा स्टिरिओ अॅम्प्लिफायर आणला, एका बाजूला तीस वॅट आरएमएसचा. माजघराला तेवढा पुष्कळ होतो. स्पीकर ८ ओहमचे, अॅम्प्लिफायरला चालतात तेवढेच, हे दुकानदारानेच जुळवून दिलं. भिंतीपासून वीतभर पुढे, आबांच्या खुर्चीच्या कानाइतक्या उंचीवर मांडले. टाळ ऐकू येतात.

जुन्या सेटची पिन मेस्त्रींनी कापून टाकली. बिलाचा फोटो मी वाडीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला, तर शेजारच्या वाडीतल्या एकाने अगदी तसंच बिल पाठवलं, तेरा अक्षरी जीएसटी क्रमांकासकट. त्याला गोष्ट सांगितली होती लग्नाच्या हॉलची. सेट कुठे आहे विचारलं तर म्हणाला, “सासुरवाडीक दिलंय, मेव्हण्याच्या वास्तूक.” मी लिहिलं, लाज मागाहून वाटून घे, आधी फोन करून पिन काढायला सांग.