पित्ताशयातले खडे: दुर्बिणीने की पोट उघडून?

झणझणीत शेवभाजी झाली आणि मध्यरात्री उजव्या बरगडीखाली कळ उठली, की आपल्याकडे जळगाव-भुसावळला आधी ॲसिडिटीची गोळी घेतात. सोनोग्राफीत खडे दिसले की मग घरात चर्चा सुरू होते.

पित्त यकृतात बनतं, दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर. पित्ताशय म्हणजे ते घट्ट करून साठवणारी पिशवी. तेलकट जेवण आतड्यात उतरलं की ती आवळते, खडा तोंडाशी अडकतो आणि कळ येते. पिशवी काढली तरी पित्त थेट आतड्यात झिरपतं, पचन चालू राहतं. काहींना थोडे दिवस जुलाब होतात, इतकंच. नुसते खडे काढून पिशवी ठेवली तर ते पुन्हा होतात. मुतखड्यावर पानफुटी खाणारे इथेही तीच खातात, त्यात वेळ घालवू नका. त्रास काहीच नसेल, तर मात्र बहुतेकदा ऑपरेशनची घाई नसते.

पोट उघडून पित्ताशय काढण्याची पद्धत १८८२ पासूनची, बर्लिनची. भारतात दुर्बिणीने ते पहिल्यांदा १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडियांनी काढलं. भूल दोन्हीत पूर्ण. दुर्बिणीत पोटात वायू भरून तीन-चार छिद्रं पाडतात. बहुतेक जण एक-दोन दिवसांत घरी येतात. त्या वायूमुळे खांदा दुखतो, घाबरू नका. उघड्या ऑपरेशनात बरगडीखाली लांब छेद, दवाखान्यातला मुक्काम जास्त आणि जड कामाला चार-सहा आठवडे सुट्टी. केळीचे घड वाहणाऱ्याचा त्यात अख्खा हंगाम जातो. म्हणून मी आधी दुर्बीणच म्हणेन.

पण पिशवी सुजून चिकटली असेल किंवा आधीच्या ऑपरेशनमुळे आत गुंता असेल, तर पित्तनळी ओळखू येत नाही. ती चुकून कापली गेली तर माणूस वर्षानुवर्षं भोगतो. अशा वेळी सर्जनने दुर्बीण बाजूला ठेवून पोट उघडलं, तर तो शहाणपणा आहे, अपयश नव्हे. नातेवाईक बाहेर भांडतात तेव्हा फार वाईट वाटतं.

कावीळ किंवा थंडीताप असेल तर खडा नळीत उतरलेला असू शकतो. तेव्हा दोन पद्धतींत निवड करत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. तो खडा अनेकदा तोंडावाटे दुर्बीण घालून आधी काढावा लागतो. एरवी सर्जनला एवढं नक्की विचारा: नळीत खडा आहे का, आणि गरज पडली तर पोट उघडायची तयारी तिथे आहे का?