शेवट पहिल्याच पानावर! ‘द मंकीज पॉ’चा स्वाध्याय-संच, सात महिने वापरून

रामबागेत घरीच नववीच्या आठ मुलांची इंग्रजीची शिकवणी घेते. जुलैत हा संच घेतला, आठ प्रती, १२० रुपयांप्रमाणे. आत कथेचा सारांश, शब्दार्थ, प्रश्न आणि उत्तरसूची.

पहिल्याच तासाला घात झाला. डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्सची ही १९०२ची कथा: तीन इच्छा पुरवणारा माकडाचा पंजा, पहिली इच्छा २०० पौंडांची, दुसरी मेलेला मुलगा हर्बर्ट परत येण्याची, आणि मग दारावर थाप. तिची सगळी जान दारावरच्या त्या थापेत. आणि या शहाण्यांनी पहिल्याच पानावर सारांश छापलाय, थेट थापेपर्यंत! मी फळ्यावर तारीख लिहितेय तोवर मागून एका मुलीचा आवाज: “काकू, बाहेर तो हर्बर्टच आहे ना?” झाला तास.

पान फाडावं, तर पाठीमागे शब्दार्थ. विक्रेत्याला फोन केला. “मॅडम, पालक आधी सारांशच बघतात,” म्हणे. ९६० रुपये मोजून हे ऐकायचं! शेवटी जुन्या कॅलेंडरचे कागद कापून आठही सारांशांवर स्टेपल केले.

बाकी प्रश्न चांगलेत, खोटं कशाला बोलू. बाहेर पाऊस आणि आत शेकोटी हे कशासाठी, मागितलेले २०० पौंड नेमके कुठल्या वाटेने घरात येतात, यावर मुलं तासभर भांडली. तिसरी इच्छा लेखकाने शब्दांत सांगितलेलीच नाही, उत्तरसूचीत मात्र ती एका ओळीत ठोकून दिलीय. ते असो.

दिवाळीनंतर उजळणीला कथा परत काढली, तेव्हा माझंही मत जरा हललं. सुरुवातीला बाप-लेक बुद्धिबळ खेळतात. बापाची चाल चुकते, कळतं तेव्हा उशीर झालेला असतो, म्हणून तो मुलाला “वारा ऐक” म्हणत भुलवतो. शेवट फोडणारी तीच मुलगी म्हणाली, “काकू, पुढचं सगळं इथेच झालं की!” पहिल्या वाचनात ही ओळ एकानेही पकडली नव्हती. म्हणजे शेवट माहीत असल्याचा फायदा होतो, पण दुसऱ्या वाचनाला हो!

आता पहिलं वाचन कागद लावून, दुसऱ्याला पिना काढून. त्यात कोपरे फाटतात आणि मागचा ‘टॅलिसमन’चा (जादूचा ताईत) अर्थ उडतो. तो मी तोंडी सांगते.

पाचपैकी तीन तारे. एप्रिलात नवी बॅच येतेय. तोवर सारांश शेवटच्या पानावर गेला तर नवे संच घेईन. नाही तर याच आठ प्रती. उत्तरं पेन्सिलनेच लिहायला लावली होती, खोडायला किती वेळ लागतो!