सहा मीटरचा रस्ता, सोळा फ्लॅट आणि माझे साडेतीन स्टार

फ्लॅटचा रिव्ह्यू द्यायचाय, म्हणजे बिल्डिंगचा, आणि थोडा शेजाऱ्यांचा पण, कारण आमच्या केसमध्ये ते वेगळे काढताच येत नाहीत. बिल्डरचं नाव लिहीत नाही, माणूस तसा वाईट नाही आणि सोसायटीचं कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होणं, अजून बाकी आहे, समजून घ्या. रत्नागिरी, शहराच्या कडेला, सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या पठारावर. वन बीएचके, कार्पेट ३७२ चौरस फूट. २०२४ च्या दिवाळीत ताबा मिळाला, म्हणजे एक अख्खा उन्हाळा आणि एक पूर्ण पावसाळा काढून मग लिहितेय. नवीन रंगाचा वास असतानाच पाच स्टार देऊन मोकळे होतात लोक आणि मग जुलैत भिंतीला हात लावून रडत बसतात.

आम्ही कोण, तर मी मिरजोळे एमआयडीसीत एका फिश कंपनीत अकाउंट्सला, नवऱ्याची रिक्षा. दोघांचं मिळून महिन्याला पस्तीस-अडतीस हजार, त्यातही पावसाळ्यात रिक्षाचं काही खरं नाही. माहेर चिपळूण. २२ जुलै २०२१ ला आईकडे माळ्याला टेकेपर्यंत पाणी होतं, आई-बाबा कौलं काढून बाहेर आले, त्यामुळे घर घेताना माझी एकच अट, घर उंचावर पाहिजे, स्वस्त मिळतंय म्हणून पऱ्ह्याच्या (ओढ्याच्या) कडेला नको. चिपळुणात आता निळी रेषा, लाल रेषा (पूर कुठवर येतो त्याच्या सरकारी रेषा) म्हटलं की लोकांचं डोकं फिरतं, निळ्या रेषेच्या आत नवीन बांधकामाला परवानगी मिळत नाही म्हणून भांडणं चालू आहेत, आणि भावाला मी म्हटलं की तू वर सरक, तर तो म्हणाला वर कोण देतंय आपल्याला जागा. त्याचं बरोबरच होतं. खाली पूर आणि वर बंगलेवाले, आपल्यासारख्यांनी बसायचं कुठे, मधल्या उतारावर?

म्हाडाचं का नाही बघितलं असं बरेच जण विचारतात. बघितलं की. कोकण मंडळात ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असे पाचही जिल्हे येतात पण सोडतीतली घरं बहुतेक विरार, शिरढोण, खोणी त्या बाजूची. आम्ही घर घेतल्यानंतरच्या २०२५ च्या सोडतीतही तेच, ५,२८५ घरं आणि ७७ भूखंड होते, भूखंडांपैकी काही ओरोसला, म्हणजे सिंधुदुर्गात, आता रत्नागिरीतल्या माणसाने ओरोसला प्लॉट घेऊन रोज कामावर यायचं कसं ते तुम्हीच सांगा. आणि ते २० टक्के घरं गरिबांसाठी ठेवायची सक्ती ऐकतो ना आपण, मोठ्या प्लॉटवर स्कीम केली की बिल्डरने काही फ्लॅट छोटे करून म्हाडाला द्यायचे, ती सक्ती आम्ही घर बघत होतो तेव्हा दहा लाख लोकवस्तीच्या वरच्या महापालिकांना होती. रत्नागिरीची वस्ती २०११ च्या जनगणनेत लाखाच्या सुद्धा आत. त्यामुळे इथे परवडणारं घर म्हणजे एखाद्या बिल्डरला वाटलं तर वाटलं.

आमच्याला वाटलं होतं. ऑक्टोबर २०२१ ला जी स्कीम होती ती खाली पार्किंग आणि वर सहा मजले, मजल्याला चार, असे २४ फ्लॅट, आणि माझ्या फ्लॅटचा भाव साडेएकोणीस लाख. ५१ हजार टोकन दिलं. बँकेचा माणूस फाईल बघून म्हणाला ताई, डिसेंबरपर्यंत ॲग्रीमेंट झालं तर पंतप्रधान आवासची व्याज सबसिडी पण बसेल, २ लाख ६७ हजारांपर्यंत. आमचं उत्पन्न सहा लाखांच्या आत, पहिलं घर, बाईच्या नावावर, सगळं बसत होतं. मी त्या रात्री किचनला टाइल्स कुठल्या घ्यायच्या ते ठरवून झोपले.

आणि मग गडगा.

तर आमच्या प्लॉटपर्यंत येणारा रस्ता सहा मीटर. दोन्ही बाजूंना बंगले, नऊ आहेत, आणि जांभ्या चिऱ्यांचे गडगे, म्हणजे कुंपणाच्या भिंती. २०२० च्या डिसेंबरमध्ये राज्याची जी एकत्रित बांधकाम नियमावली आली, ती यूडीसीपीआर म्हणतात ती, तिच्यात रस्ता नऊ मीटरच्या आतला असला की फक्त बेसिक एफएसआय (प्लॉटच्या मानाने किती बांधायचं ती मर्यादा) मिळतो, वर पैसे भरून प्रीमियम घ्यायचा किंवा टीडीआर (दुसऱ्या जागेचा बांधकामाचा हक्क) चढवायचा तर रस्ता किमान नऊचा पाहिजे. म्हणजे प्रत्येक बाजूने दीड मीटर गडगा मागे. बिल्डर घरोघरी गेला, गडगा मी स्वखर्चाने बांधून देतो, पायरी आणि तुळस जशीच्या तशी सरकवून देतो, सोडलेल्या जागेचा एफएसआय पण तुमचाच. नऊपैकी दोन तयार झाले. बाकीच्यांनी नाही म्हटलं ते म्हटलं, वर नगरपरिषदेत हरकतीचा अर्ज टाकला आणि चौदा महिने गेले.

चौदा महिन्यांनी निघालं काय, तर खाली पार्किंग आणि वर चार मजले, १६ फ्लॅट. बिल्डरने मला गणपतीच्या कॅलेंडरच्या मागे पेनाने हिशोब मांडून दाखवला. जागा आणि परवानग्या मिळून ९६ लाख, चोवीसात वाटले तर माणशी चार, सोळात वाटले तर सहा. हे दोन लाख नुसते दोन मजले गेल्याचे, बाकी सिमेंट-सळीचे. माझा फ्लॅट झाला २३ लाख ८० हजार. लोन पास झालं फेब्रुवारी २०२३ ला. जुनी सबसिडी ३१ मार्च २०२२ ला संपलेली, आणि नवीन योजना, ज्यात १ लाख ८० हजार पाच हप्त्यांत देतात, ती १ सप्टेंबर २०२४ नंतरच्या लोनना. दोन्हीच्या बरोब्बर मधल्या गॅपमध्ये आम्ही. नवरा म्हणाला, आपली रिक्षा कशी दोन एसट्यांच्या मध्ये अडकते तसं झालं गो. मला तेव्हा हसू आलं नव्हतं.

पहिल्या यादीतली आठ बिऱ्हाडं गेली ती गेलीच. त्यातली एक माझ्या कंपनीतली, अजून भाड्याने राहते, तिला मी घरी बोलवताना अजून ऑकवर्ड होतं.

बरं आता फ्लॅट. बांधकाम चांगलं, खरंच चांगलं. भिंतीला खिळा मारला की प्लास्टर गळत नाही. हवा इतकी की एप्रिलमध्ये पंखा दोनवर पुरतो. जीएसटी एकच टक्का लागला (४५ लाखांच्या आतलं असेल तर एक, बांधकाम चालू असताना घेतलं तर) आणि माझ्या नावावर घेतल्याने स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सुटला, हे लक्षात ठेवा, नवऱ्यांना पटवा. कार्पेट मी स्वतः टेप लावून मोजला, ३७१ भरला, एक फूट माफ केला.

पण पश्चिमेची बेडरूम. सड्यावर पाऊस वरून येत नाही, आडवा येतो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात खिडकीच्या चौकटीखालून पाणी आलं ते ऑगस्टपर्यंत रोज एक टॉवेल. बिल्डरने बाहेरून वॉटरप्रूफिंग करून दिलं, पाच वर्षं त्याची जबाबदारी आहे रेरा कायद्यात आणि त्याला ते माहीत आहे, फोन केला की येतो, एवढं मान्य. आता वर पत्र्याची झड लावलीय, बरं आहे. ग्रिल मात्र खाऱ्या हवेने आठ महिन्यांत तांबूस, तिथे चांगला रंग मारायला पाहिजे होता, वाचवलेन पैसे. लिफ्ट आहे पण व्होल्टेज कमी असलं की रुसते. पाणी मे महिन्यात एक दिवसाआड, ते काय फक्त आमचं नाही, शीळ धरणाची पातळी उतरली की सगळ्या गावाचंच तसं. टाकी मोठी बांधलीय म्हणून एकदाच टँकर मागवावा लागला. पार्किंगमध्ये रिक्षा लावायला पहिल्या मीटिंगला एकाने हरकत घेतली होती, म्हणे बिल्डिंगचा लुक जातो. आमच्याच बिल्डिंगमधला हां, बंगल्यातला नाही. हरकत घ्यायची सवय हवेतूनच लागते बहुतेक इथे.

आता तो अर्ज. माहितीच्या अधिकारात कॉपी काढली, अडीच पानं टाइप केलेली. मराठी अप्रतिम, एक काना इकडचा तिकडे नाही, भाषेला पाच स्टार. मुद्दे अकरा. सूर्यप्रकाश अडतो, वाहनांची वर्दळ, 'परिसराची शांतता व सांस्कृतिक वातावरण', 'बाहेरील लोकांचे लोंढे'. लोंढा म्हणजे कोण, तर मी चिपळूणची, तिसऱ्या मजल्यावर एसटीतले कंडक्टर, त्यांच्या समोर सिव्हिलमधली सिस्टर, दुसऱ्या मजल्यावर गवंडी आणि त्याची बायको, ती अर्ज करणाऱ्यांपैकीच दोन घरी स्वयंपाकाला जाते. आधी खालच्या वाडीतून चढून यायची, आता चार मिनिटांत पोचते, त्यावर कुणाची हरकत ऐकली नाही. खाली सह्या सात. त्यातल्या चौघांचे बंगले गणपतीत आणि मे महिन्यात उघडतात, एरवी कुलूप, एक जण होमस्टे म्हणून मुंबईच्या लोकांना देतात, त्या गाड्यांची वर्दळ मात्र चालते. रात्री गच्चीवरून बघितलं तर नऊमधल्या तीन घरांत दिवा.

पण अर्जातला नववा मुद्दा मी तीनदा वाचला. 'सांडपाण्यामुळे विहीर दूषित होण्याची शक्यता.' एका ओळीत, शांततेच्या आणि संस्कृतीच्या खाली दडपलेला. आणि तो खरा निघाला हो. जांभा म्हणजे चाळण, वरून ओतलेलं कुठे फुटेल सांगता येत नाही, आणि आमचा शोषखड्डा शेजारच्या काकूंच्या विहिरीपासून चाळीस-एक फुटांवर. पहिल्या पावसात काकू कळशी घेऊन गेटवर आल्या, म्हणाल्या वास घे. वास नव्हता, पण मी कंपनीतल्या लॅबच्या पोराला बाटली भरून दिली, कोलिफॉर्म, म्हणजे मैल्यातले जंतू, निघाले. रिपोर्ट त्यांना दाखवताना माझी मान खाली. इतके दिवस मी त्या अर्जाला शिव्या घालत होते आणि एक ओळ आमच्याच विरुद्ध उभी राहिली. मग मीटिंग, मग बिल्डर, मग जुना खड्डा बंद करून मागच्या अंगाला उताराच्या बाजूला नवीन, खर्च अर्धा त्याचा अर्धा आमचा, माझ्या वाट्याला ६,२०० आले. दिवाळीनंतर परत बाटली भरली, पाणी चांगलं आलं. तरी काकू उकळूनच पितात आणि मी त्यांच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं.

बिल्डर म्हणतो २४ फ्लॅट असते तर सांडपाण्यावर प्रक्रियेचा छोटा प्लांट परवडला असता, सोळात तो कापावा लागला. खरं खोटं त्याचं त्याला ठाऊक, कॅलेंडरच्या मागे हे काही लिहून दाखवलं नाही त्याने. पण तो नववा मुद्दा पहिला घेऊन सातही जण बसले असते की बाबा, रस्ता देतो पण प्लांट लिहून दे, तर त्यांची विहीर, माझे दोन लाख आणि ती आठ बिऱ्हाडं, सगळंच राहिलं असतं असं मला अजून वाटतं. मी काकूंना म्हटलंसुद्धा एकदा. त्या म्हणाल्या, अगं मी कुठे अर्ज वाचला, डोंबिवलीहून फोन आला सही कर, केली.

काकू आता आमच्याकडे येतात. ओल्या काजूची उसळ देतात, मी कंपनीतून कोळंबी आली तर देते. बाकी दोन घरं नमस्कारापुरती. एकाने अजून माझ्याकडे बघितलेलं नाही, चालतंय, त्यांच्या आंब्याची डहाळी आमच्या पार्किंगवर येते तिचे आंबे पोरं खातात, फिट्टंफाट.

तर मार्क. फ्लॅट चार, पाणी तीन, सांडपाणी आधी शून्य आता साडेतीन, शेजार दोन (काकू धरून तीन), बिल्डर साडेतीन, त्यातला अर्धा त्या कॅलेंडरच्या हिशोबाचा, कारण आजवर मला दुसऱ्या कुणी भाव का वाढला ते आकड्यात सांगितलेलं नाही. एकूण साडेतीन.

चौथ्या मजल्यावरचे दोन अजून रिकामे आहेत, दोन्ही पश्चिमेचे, मालक रिसेल करतायत, भाव आता सत्तावीस सांगतात. घेणार असाल तर नवीन सबसिडीचं बँकेत आधी विचारा, नऊ लाखांच्या आतलं उत्पन्न आणि ३५ लाखांच्या आतलं घर लागतं, बाकीच्या अटी त्यांच्याकडून नीट कळतील. आणि बघायला जुलैत या, मे महिन्यात सगळेच फ्लॅट चांगले दिसतात. मोठी गाडी असेल तर खाली नाक्यावरच लावून चालत या. ऑगस्टच्या पावसात डाव्या बाजूचा गडगा वीसेक फूट ढासळला, आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या गवंड्यालाच काम मिळालंय, पहिला होता त्याच लाइनीत बांधून दे म्हणून सांगितलंय त्याला, चिरे सगळे रस्त्यावर आहेत.